पांढरा मोर अल्बिनो नसतो : शिकारीच्या पक्ष्यांतील दुर्मिळ रंगांची कथा

देशातील अनेक प्राणिसंग्रहालयांत पांढऱ्या मोराच्या पिंजऱ्यापुढे प्रेक्षकांची नेहमीच गर्दी असते. शुभ्र पिसारा फुलवून उभ्या असलेल्या या पक्ष्याकडे बोट दाखवून कोणीतरी हमखास सांगतो, की हा 'अल्बिनो' मोर आहे. वस्तुतः तो अल्बिनो नसतो. अल्बिनो पक्ष्याच्या डोळ्यांत रंगद्रव्य मुळीच नसते, त्यामुळे आतील रक्तवाहिन्यांचा रंग दिसून त्याचे डोळे गुलाबी किंवा लालसर भासतात. पांढऱ्या मोराचे डोळे तसे नसतात, त्यांना रंग असतो. डोळ्यांतील हा फरक लहान दिसत असला, तरी त्यामागे दोन निराळ्या जैविक प्रक्रिया आहेत, आणि त्यांची गल्लत गेली अडीचशे वर्षे सामान्य प्रेक्षकांप्रमाणेच नामवंत शास्त्रज्ञांकडूनही होत आली आहे.

येथे ज्या पक्ष्यांचा विचार करावयाचा आहे, त्यांना शिकारीचे पक्षी म्हणतात. शिकारी पक्षी म्हणजे ससाणा, गरुड वगैरे, आणि शिकारीचे पक्षी म्हणजे ज्यांची शिकार माणूस करीत आला ते. मोर, रानकोंबडे, तितर, लावे, चकोर, हिमालयातील व युरोपातील फेझंट हे सारे या वर्गात येतात. दलदलीत राहणारा पाणलावाही शिकाऱ्यांच्या यादीत मानाचे स्थान मिळवून होता. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांच्या शिकारीवर निर्बंध आले. मात्र त्यांच्याविषयीचे आपले जुने ज्ञान बव्हंशी बंदुकीच्या मार्गानेच आलेले आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आणि मार्शल यांनी भारत, ब्रह्मदेश व सिलोनच्या शिकारीच्या पक्ष्यांवर १८७९ ते १८८१ या काळात तीन खंड प्रसिद्ध केले. त्याच ह्यूम यांनी १८८५मध्ये आपला सुमारे ८० हजार नमुन्यांचा पक्षिसंग्रह ब्रिटिश संग्रहालयाला दिला. शिकाऱ्याच्या दृष्टीने वेगळ्या रंगाचा पक्षी हे मोठे बक्षीस असे. असा पक्षी दिसला की तो प्रथम टिपला जाई आणि पेंढा भरून जतन केला जाई. त्यामुळे जुन्या संग्रहांतील कपाटे पाहून असे पक्षी निसर्गात किती असावेत याचा अंदाज बांधू गेल्यास तो फसतो.

रंग येतो कोठून

पक्ष्याच्या पिसांतील काळा, करडा, तपकिरी आणि तांबूस रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. त्याचे दोन प्रकार आहेत. युमेलॅनिनमुळे काळ्या, करड्या व गडद तपकिरी छटा येतात, तर फिओमेलॅनिनमुळे तांबूस, पिवळसर तपकिरी छटा येतात. हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी अंड्यातील भ्रूणाच्या पाठीकडील भागात जन्म घेतात, तेथून त्या त्वचेत सर्वत्र पसरतात आणि वाढत्या पिसांत रंगाचे कण भरतात. या प्रवासात किंवा त्यानंतरच्या रासायनिक प्रक्रियेत कोठेही खंड पडला, तर पक्ष्याचा रंग बदलतो. तो कसा बदलेल, हे खंड कोणत्या टप्प्यावर पडला यावर अवलंबून असते.

मग मोराच्या गळ्याचा निळा रंग? तेथे निळे द्रव्य अजिबात नसते. पिसाच्या अतिसूक्ष्म उपशाखांमध्ये मेलॅनिनच्या कांड्या जाळीसारख्या नियमित अंतरावर रचलेल्या असतात. या जाळीवरून प्रकाश परावर्तित होताना विशिष्ट रंगाच्या लहरी तेवढ्या उठून दिसतात. कांड्यांमधील अंतर किंचित बदलले की निळ्याचा हिरवा होतो, हिरव्याचा सोनेरी होतो. २००३मध्ये चिनी भौतिकशास्त्रज्ञांनी ही रचना तपशिलाने मांडली. याचा अर्थ असा, की मेलॅनिन काढून घेतले तर केवळ काळा रंगच जातो असे नाही, निळा आणि हिरवाही जातो. पांढऱ्या मोराच्या बाबतीत नेमके हेच घडलेले असते. त्याच्या पिसाऱ्यावरील डोळे मात्र पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. प्रकाश तिरपा पडला असता पांढऱ्यावर पांढऱ्याने काढलेल्या नक्षीसारखे ते दिसतात, कारण पिसाची वीण त्या जागी निराळी असते. प्राणिसंग्रहालयात गेल्यास हे जरूर पाहावे.

एक शब्द, अनेक अर्थ

इंग्लंडमधील ट्रिंग येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील पक्षितज्ज्ञ हाइन व्हॅन ग्राऊ यांनी २००६मध्ये एका लेखाद्वारे या विषयातील शब्दांच्या गोंधळाकडे लक्ष वेधले. प्रत्येक पांढरा पक्षी अल्बिनो नसतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या वर्गीकरणाचा आज जगभर आधार घेतला जातो.

अल्बिनो पक्ष्याच्या शरीरात मेलॅनिन बनविण्यासाठी आवश्यक असलेले टायरोसिनेज हे विकर काम करीत नाही. पेशी जागेवर असतात, परंतु त्या रिकाम्या असतात. अशा पक्ष्याची पिसे, त्वचा, चोच, डोळे सारेच रंगहीन. डोळ्यांतील रंगद्रव्य प्रखर प्रकाशापासून संरक्षण करते आणि अंतराचा अदमास घेण्यास साहाय्य करते. ते नसल्याने दृष्टी अधू राहते. रानात अल्बिनो पिल्लू घरट्याबाहेर पडल्यावर फार दिवस तगत नाही. म्हणून रानात दिसलेला, व्यवस्थित उडणारा, प्रौढ, पांढरा पक्षी बहुधा अल्बिनो नसतो.

ल्युसिझम या प्रकारात रंगपेशी त्वचेपर्यंत पोहोचतच नाहीत. काही वेळा संपूर्ण पक्षी पांढरा होतो, काही वेळा केवळ डोके, पंखांची टोके किंवा पोट पांढरे राहते. हे ठिपके जन्मापासून असतात आणि वयानुसार बदलत नाहीत. डोळे रंगीत असल्याने दृष्टी बाधित होत नाही. पांढरा मोर याच वर्गातला. याउलट कित्येक पक्षी जन्मतः सामान्य रंगाचे असतात आणि पुढे दर वर्षी पिसे गळून नवी येताना त्यांत एक-एक पांढरे पीस वाढत जाते. आपल्या डोक्यावरचे केस पिकावेत, तसाच हा प्रकार. पांढरी पिसे मिरविणाऱ्या रानपक्ष्यांत यांची संख्या मोठी असते, तरीही त्यांची नोंद सर्रास अंशतः अल्बिनो अशी होते. अंशतः अल्बिनो हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे. विकर काम करीत नसेल तर ते शरीरात कोठेच करीत नाही.

याखेरीज तपकिरी उत्परिवर्तन नावाचा एक फसवा प्रकार आहे. यात युमेलॅनिन तयार होते, पण त्याची प्रक्रिया अपुरी राहते आणि काळ्याचा तपकिरी होतो. असे पीस उन्हाने लवकर विटते. नवे पीस कॉफीच्या रंगाचे असले, तरी काही महिन्यांत ते मळकट पांढरे दिसू लागते आणि पाहणारा पुन्हा अल्बिनो हाच शब्द उच्चारतो. हा दोष लिंगगुणसूत्रावर असतो आणि तो अप्रभावी असतो. पक्ष्यांत नराची दोन लिंगगुणसूत्रे सारखी व मादीची भिन्न असतात, म्हणजे माणसाच्या उलट. परिणामी मादीत दोष दिसण्यास एकच जनुक पुरते, नरात दोन लागतात. रानात दिसणारे असे तपकिरी पक्षी बहुतेक माद्या असतात, त्या यामुळेच.

दुसऱ्या टोकाला मेलॅनिनचे आधिक्य असते. त्यात पक्षी काळवंडतो किंवा तांबूस होतो, किंवा नेहमीची नक्षी बदलते. या प्रकाराने शास्त्रज्ञांना जितके चकविले, तितके पांढऱ्या पक्ष्यांनी चकविलेले नाही.

नसलेल्या पक्ष्यांची नावे

पांढरा पक्षी पाहून ही विकृती असावी असे कोणालाही सुचते. परंतु गडद, देखण्या, एकसारख्या रंगाचा पक्षी हाती आल्यास तो निराळ्या जातीचा वाटणे स्वाभाविक असते. फ्रेंच निसर्गतज्ज्ञ ब्रिसाँ यांनी १७६०मध्ये लोरेन भागातील डोंगरी तितराचे वर्णन केले. त्याचे अंग गडद तांबूस तपकिरी होते. पुढे अनेक दशके तो स्वतंत्र पक्षी म्हणून ग्रंथांत वावरला. प्रत्यक्षात तो युरोपातील नेहमीच्या करड्या तितराचाच रंगप्रकार होता.

आयर्लंडमधील गोष्ट याहून रंजक आहे. १८२२मध्ये तेथे एक पाणलावा मारला गेला. पाणलाव्याच्या पाठीवर असणारे फिकट पट्टे त्याला नव्हते, पोटही पांढरे नव्हते. सारा पक्षी गडद तपकिरी होता. निकोलस व्हिगर्स यांनी १८२५मध्ये त्याला सबाइनचा पाणलावा असे नाव देऊन नवी जाती म्हणून जाहीर केले. त्यानंतर शिकाऱ्यांना असे पक्षी अधूनमधून मिळत राहिले, त्यांतील बहुसंख्य आयर्लंडमधलेच. मात्र या जातीचे घरटे कोठे, पिल्ले कशी, ती स्थलांतर करून कोठून येते, याची उत्तरे मिळेनात, कारण ती जातीच नव्हती. साध्या पाणलाव्याच्या घरट्यातूनच ती पिल्ले येत होती.

आणि तिसरी गोष्ट आपल्या राष्ट्रीय पक्ष्याची. भारतीय मोराच्या खांद्यावरील व पंखांवरील पिसांवर काळ्या आणि फिकट पिवळसर रंगाच्या आडव्या रेषा असतात. इंग्लंडमधील उमरावांच्या उद्यानांत बाळगलेल्या मोरांत काही नर असे निघत, की त्यांचा हा भाग एकरंगी काळा व निळसर झळाळीचा असे. त्यांच्या लांडोरी मात्र नेहमीपेक्षा कितीतरी फिकट, जवळजवळ दुधी रंगाच्या असत. या मोराला तेथे 'जपान्ड' असेही म्हणत. काळ्या, चकचकीत लाखकामाला तेव्हा इंग्रजीत हे विशेषण लावले जाई. जपानात मूळचे मोर नाहीत, तेव्हा त्या नावावरून त्याचा मुलूख शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागले नसते. प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांनी १८६०मध्ये या काळ्या खांद्याच्या मोराला स्वतंत्र जातीचे शास्त्रीय नाव दिले.

चार्ल्स डार्विन यांना हे पटले नाही. पाळीव प्राणी व वनस्पतींतील बदलांवरील आपल्या १८६८च्या ग्रंथात त्यांनी या मोराचा विस्ताराने विचार केला. निरनिराळ्या उमरावांच्या उद्यानांतून त्यांनी माहिती मागविली. जेथे केवळ साधे मोर होते, बाहेरून नवा पक्षी आलेला नव्हता, तेथेही काळ्या खांद्याची पिल्ले अचानक जन्मल्याचे दाखले त्यांना मिळाले. एका कळपात तर हे नवे मोर वाढत जाऊन जुन्यांची जागा त्यांनी घेतली होती. शिवाय अशा मोराचा रानटी मुलूख कोणालाही ठाऊक नव्हता. यावरून ही जाती नसून साध्या मोरातच उद्भवलेला बदल आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बदल अत्यंत सावकाश, कणाकणाने साचतात असे मानणाऱ्या डार्विन यांच्यापुढे एका पिढीत अवतरलेला, तरीही पुढे वंशपरंपरेने टिकणारा हा मोर म्हणजे एक अडचणच होती. ती त्यांनी लपविली नाही, हे विशेष. जनुकांची कल्पना त्या काळी त्यांच्यापाशी नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या प्रजननाच्या प्रयोगांनी दाखवून दिले, की काळा खांदा हा एका अप्रभावी जनुकाचा परिणाम आहे. डार्विन बरोबर होते.

सगळेच निराळे रंग मात्र असे अपघाती नसतात. उत्तर अमेरिकेतील रफ्ड ग्राउस हा पक्षी करडा आणि तांबूस अशा दोन रंगांत आढळतो. थंड उत्तरेकडे करडे अधिक, दक्षिणेकडे तांबूस अधिक. तेथे दोन्ही रंग पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत आणि त्या त्या परिसरात उपयोगी पडतात. त्याला विकृती म्हणता येत नाही.

दुर्मिळ का

अप्रभावी जनुकाचे गणित सोपे आहे. समजा, एखाद्या रानातील मोरांत अशा जनुकाचे प्रमाण शंभरात एक आहे. पिल्लाला तो दोष दिसण्यासाठी आई व वडील दोघांकडूनही तेच जनुक मिळावे लागते. म्हणजे शंभरातील एक गुणिले शंभरातील एक, अर्थात दहा हजारांत एक. जनुक मात्र सुमारे दोन टक्के पक्ष्यांच्या अंगात न दिसता वावरत असते. त्यामुळे वेगळ्या रंगाचा एक पक्षी मारला गेला, तरी जनुक संपत नाही आणि असा एक पक्षी वाचला, तरी त्याचा वंश वाढेलच असेही नाही. साध्या रंगाच्या जोडीदाराशी मीलन झाल्यास पुढची पिढी पुन्हा साधीच दिसते.

त्यावर रानाची परीक्षा असते. शिकारीचे बहुतेक पक्षी जमिनीवर घरटे करतात. लांडोर सुमारे चार आठवडे झुडपाखालच्या खळग्यात अंड्यांवर बसून राहते. मुंगूस, कोल्हा, रानमांजर जवळून गेले तरी ती हलत नाही. तिची मातकट, तपकिरी पिसे हेच तिचे संरक्षण. पांढऱ्या लांडोरीला हे संरक्षण नाही. मेलॅनिनचे आणखी एक कार्य सहसा लक्षात घेतले जात नाही. ते पिसाला बळकटी देते. पांढरी पिसे लवकर झिजतात, त्यांची टोके तुटतात. पंखांच्या उड्डाणपिसांच्या बाबतीत हा तोटा महत्त्वाचा ठरतो.

बंदिवासात या दोन्ही अडचणी दूर होतात. शत्रू नाही, आणि जोडी माणूस जुळवितो. पांढऱ्या मोराची जोडी पांढऱ्या लांडोरीशी लावली की पिल्ले पांढरीच होतात. अंड्यातून बाहेर येताना ती पिवळसर असतात, नंतर पांढरी होतात. ब्रिटनमध्ये शिकारीसाठी दर वर्षी कोट्यवधी फेझंट पक्षी पाळून सोडले जातात. तेथे काळसर फेझंट एकेकाळी नवलाईचा होता, आता तो शेतांच्या कडेने सहज दिसतो. काही ठिकाणी शिकारीच्या कळपात एखाद-दुसरा पांढरा फेझंट मुद्दाम सोडतात. बाकीचे पक्षी कोठे आहेत, हे त्याच्यावरून रखवालदाराला दुरून कळते. त्याला मारणाऱ्या शिकाऱ्याकडून दंड घेण्याचीही चाल आहे. रानात जो रंग जिवावर बेतला असता, तो येथे अभय देतो.

रानकोंबड्याच्या अंगावरील पांढरे पीस

भारताच्या दृष्टीने या विषयातील खरी चिंता मोराची नव्हे, रानकोंबड्याची आहे. जगातील साऱ्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज असलेला तांबडा रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य व मध्य भारतापर्यंत आढळतो. सह्याद्री आणि दक्षिणेतील रानांत त्याचा भाऊबंद राखी रानकोंबडा राहतो. सातपुडा आणि गोदावरीच्या परिसरात दोघांच्या प्रदेशांच्या सीमा एकमेकींना भिडतात.

माणसाने पाळीव कोंबड्यांत हौसेने नाना रंग जपले. काळ्या कोंबड्यांचा रंग बव्हंशी एमसी१आर नावाच्या जनुकातील बदलांमुळे येतो. पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीचा शुभ्र रंग पीएमईएल१७ या जनुकातील बदलाचा परिणाम असल्याचे २००४मध्ये सिद्ध झाले. रानात हे रंग टिकले नसते, अंगणात टिकले. आता गावकुसालगतच्या रानात पाळीव कोंबडे व रानकोंबड्या यांचा संकर होतो आणि हे जनुक उलट दिशेने रानात शिरतात. सिंगापूरमधील संशोधकांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या संग्रहालयातील तांबड्या रानकोंबड्यांच्या जनुकांची आजच्या पक्ष्यांशी तुलना करून २०२३मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजच्या रानपक्ष्यांत पाळीव कोंबड्यांच्या अंशाची मोठी भर पडल्याचे त्यांत दिसून आले. जाती नावाने उरते, तिचा रानटी वारसा मात्र विरळ होत जातो. वाघ किंवा माळढोकाच्या घटत्या आकड्यांसारखी ही हानी मोजून दाखविता येत नाही, म्हणून तिची चर्चाही होत नाही.

त्यामुळे रानकोंबड्याच्या अंगावर पांढरी पिसे दिसली, तर ते निसर्गाचे नवल मानण्यापूर्वी संकराची शंका घ्यावी लागते. काही खुणा उपयोगी पडतात. तांबड्या रानकोंबड्याचे पाय करड्या, पाटीच्या रंगाचे असतात. विणीचा हंगाम संपल्यावर शुद्ध रानटी नर मानेवरील सोनेरी-तांबडी लांब पिसे टाकून काही काळ आखूड काळपट पिसे धारण करतो, पाळीव कोंबडा तसे करीत नाही. रानकोंबडीच्या डोक्यावर तुरा जवळजवळ नसतोच. तिला ठसठशीत तांबडा तुरा किंवा पिवळे पाय असतील, तर तिच्या वंशात अंगणातील रक्त आले आहे असे समजावे. पिवळ्या पायांची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या त्वचेचे जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नसून राखी रानकोंबड्याकडून आलेले आहे, असे २००८मध्ये आढळले. आपल्या सह्याद्रीतील पक्ष्याने जगभरच्या खुराड्यांना दिलेली ही देणगी आता तांबड्या रानकोंबड्याच्या रानात संकराची खूण म्हणून परत येते आहे.

छायाचित्र घेताना

बंदुकीची जागा आता कॅमेऱ्याने घेतली आहे. वेगळ्या रंगाचा पक्षी दिसल्याची वार्ता काही तासांत सर्वत्र पसरते. घरट्याचा ठावठिकाणा जाहीर झाल्यास तेथे गर्दी होते, आणि मुळातच उठून दिसणारी मादी अंडी सोडून उठते. याशिवाय पाळण्याच्या हौसेपायी असे पक्षी पकडले जाण्याचीही भीती असते. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती अनुसूची जातीचे नाव घेते, पिसांचा रंग विचारात घेत नाही.

भारतातील अशा नोंदींचा आढावा काही भारतीय अभ्यासकांनी व्हॅन ग्राऊ यांच्यासह २०१६मध्ये घेतला. अल्बिनो म्हणून प्रसिद्ध झालेल्या पक्ष्यांपैकी फारच थोडे खरोखर अल्बिनो असल्याचे त्यांना दिसले. बाकीचे ल्युसिझम, पिकलेली पिसे, तपकिरी उत्परिवर्तन यांत मोडत होते. नोंद करणाऱ्याने डोळ्यांचा रंग टिपला नसेल, तर मागाहून काहीच ठरविता येत नाही. म्हणून छायाचित्रात डोळा, चोच आणि पाय स्पष्ट यावेत. पांढरे ठिपके शरीराच्या दोन्ही बाजूंस सारखे आहेत की एकाच बाजूस, हे पाहावे. एकाच बाजूचे पांढरे पीस जुन्या जखमेमुळेही आलेले असू शकते. भर दुपारच्या उन्हात कॅमेरा फिकट तपकिरी रंगालाही पांढरा करून टाकतो, तेव्हा सावलीतील एखादे चित्र अवश्य घ्यावे. आणि शक्य असल्यास त्याच पक्ष्याला पुढील वर्षी, पिसे बदलून झाल्यावर, पुन्हा पाहावे. पांढरी पिसे तेवढीच राहिली असतील तर तो ल्युसिझम असण्याची शक्यता अधिक, वाढली असतील तर पिसे पिकत चालली आहेत.